बाहेरची कडी

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

प्रभूमध्ये सलाम, तुला आणि तुझ्या दोन्ही हट्टी कानांना. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे साऱ्या इमारतीला घरच्या बातम्या ऐकवायच्या, म्हणून आपलं कागदावरच बरं.

पप्पा ठीक आहेत. तुझा दादा अजून बस चालवतो. चहा झाला की खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, डाव्या पायानं क्लच दाबतात, भिंतीवरच्या आरशात मागचं बघतात आणि निघतात. कंडक्टर मी. चमचा कपावर वाजवल्याशिवाय गाडी हलत नाही. परवा मला म्हणाले, "तिकिटं नीट फाड, चेकर चढलाय." चेकर म्हणजे दूधवाला. माझं नाव त्यांना क्वचितच आठवतं, पण थांबे सगळे ओळीनं पाठ आहेत. आई गेल्यापासून घरात हेच एक मनोरंजन. मी लिफ्टदुरुस्तीच्या कामावर असतो तेव्हा समोरच्या शिलाईवाल्या बाई लक्ष ठेवतात, तेव्हा तू काळजी करू नकोस.

खरी बातमी वेगळीच आहे. चर्चच्या पंचकमिटीत मला घ्यायचं चाललंय. बापाची सेवा करणारा मुलगा म्हणून. मी पाळकसाहेबांना सरळ सांगितलं, मी त्या लायकीचा नाही. त्यावर त्यांचे डोळे भरून आले आणि ते म्हणाले, "असं म्हणणारा माणूसच आम्हाला हवाय." आता बोल! हो म्हटलं तर पंच, नाही म्हटलं तर संत.

तब्येतीला जप.

तुझा,
भोपळ्या

११ फेब्रुवारी

माझ्या भोपळ्या,

तुलाही सलाम. कान गेलेत, डोळे अजून शाबूत आहेत, आणि तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा हसू आलं नाही.

तुझ्या पत्रात तू फारच चांगला मुलगा आहेस रे. सारा जन्म मी वॉर्डात काढला. जो पेशंट "सगळं ठीक आहे, सिस्टर" म्हणायचा, त्याचंच पांघरूण मी आधी उचलून बघायची. तू कधी जेवतोस, कधी झोपतोस, कधी चिडतोस, यातलं काही लिहीत नाहीस. तुझ्या बापाबरोबर मी लहानाची मोठी झाले आहे. तो शहाणा होता तेव्हाही त्याच्यासोबत दिवसभर राहिलं की डोकं फिरायचं. आता तर विचारायलाच नको.

म्हणून सांगते ते ऐक. दादाला माझ्याकडे आणून सोड. मागची खोली रिकामीच आहे. तिची खिडकी रस्त्यावर उघडते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसेल. दोन महिने तरी तू मोकळा श्वास घे.

आणि त्या शिलाईवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. किती वेळ बसतात त्या?

तुझी आत्या

२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र पोचलं. खोली देऊ केलीस, आभारी आहे. पण नको. या वयात तुला कशाला दगदग? आणि पप्पांना नवी जागा मानवणार नाही, बावचळून जातील. आमचं छान चाललंय.

फक्त चर्चच्या लोकांनी उच्छाद मांडलाय. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं ठरवूनच बसलेत सगळे. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी नाव न घेता माझ्यावर अर्धा उपदेश केला, आणि नाव न घेतल्यामुळे सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडेच पाहिलं. मी खाली मान घातली. बाहेर पडताना एक काकू म्हणाल्या, "बघा, मान वर केली नाही बिचाऱ्यानं!" आता उपासनेत साक्ष दे म्हणून मागे लागलेत. देवानं या सेवेत मला काय काय शिकवलं ते मी सांगायचं म्हणे.

कामावरचा एक किस्सा त्यांना सांगितला आणि तिथंच फसलो. एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत एक बाई. अशा वेळी आधी बोलायचं असतं, म्हणजे आतल्या माणसाचा धीर सुटत नाही. मी वरच्या दारातून वाकून म्हटलं, "बाई, घाबरू नका. तुम्ही आत आहात ते मला माहीत आहे." त्यावर ती अशी कडाडली! "माहीत आहे तर उघडा ना! नुसतं माहीत असून काय करू मी?" पाळकसाहेबांना हे फार आवडलं. साक्षीत हे घ्याच, म्हणाले. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. का ते विचारू नकोस, उन्हाचा त्रास असेल.

पप्पांचे हात जरा सोलवटलेत. टेबलावर ताल धरत बसतात दिवसभर. मलम लावतोय. काळजीचं काही नाही.

तुझा,
भोपळ्या

२६ फेब्रुवारी

भोपळ्या,

एकच विचारते. हात कुठं सोलवटलाय? बोटांच्या टोकांना, की करंगळीखालच्या कडेला, मुठीच्या बाजूला?

टेबलावर ताल धरणारा माणूस बोटांनी धरतो. मुठीची कड सोलते ती बंद दार ठोकून. असे हात मी पुष्कळ बांधलेत.

शिलाईवाल्या बाई किती वेळ बसतात ते तू लिहिलं नाहीस.

आत्या

१९ मार्च

आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही. राग आला होता. अजून आहे.

हो, मुठीची कड.

शिलाईवाल्या बाई केव्हाच्याच लेकीकडे राहायला गेल्या. कोणी बसत नाही. मी पप्पांना आतल्या खोलीत ठेवतो, पाणी ठेवतो, खायला ठेवतो, आणि दाराला बाहेरून कडी घालतो. कडी मी स्वतः बसवली. दिवसभर लोकांना डब्यातून बाहेर काढतो, आणि घरी येऊन बापाला डब्यात घालतो. त्या बाईचं ऐकून माझं जेवण का गेलं ते आता कळलं असेल.

पण तूच सांग, काय करू? कडी नव्हती तेव्हा ते दोनदा डेपोकडे निघाले. दुसऱ्या वेळी भर रस्त्यात उभे राहून त्यांनी चालती बस थांबवली आणि ड्रायव्हरला म्हणाले, "उतर, माझी ड्यूटी आहे." लोक हसले म्हणून वाचले. सगळेच हसतील असं नाही. माणूस ठेवून पाहिला, आठवड्यात पळाला. काम सोडलं तर खाऊ काय? लग्नाचं म्हणशील तर या घरात कोण येईल?

आणि सगळ्यांना मी केवढा नम्र वाटतो! आत्या, मी खरं सांगायचा प्रयत्न केला, देवाशपथ. पाळकसाहेबांना म्हटलं, "मी पापी माणूस आहे." ते म्हणाले, "आपण सगळेच." चर्चमध्ये पापी चालतो, आवडतोसुद्धा. फक्त पाप कोणतं ते सांगायचं नाही. मी जितका खाली वाकतो तितका यांच्या नजरेत उंच होतो. तोंड उघडलं तरी फसतो, मिटलं तरी फसतो.

लहानपणी मला फार बरं वाटायचं की देव आपल्याला आतून-बाहेरून ओळखतो. आईनं दिवा मालवला की मी तेच मनात म्हणत झोपायचो. आता रोज सकाळी कडी घालताना तेच आठवतं आणि हाताला घाम सुटतो. त्याला ठाऊक आहे. बरं, मग? ठाऊक असून तो गप्प. मीही गप्प. मध्ये दार.

पुढच्या शनिवारी पाळकसाहेब आणि पंचमंडळी प्रार्थनेला घरी येणार आहेत. दुसऱ्या दिवशी माझी साक्ष. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. कडी काढून ठेवीन म्हणतो. भोकं दिसतील, त्यावर कॅलेंडर टांगीन.

तुझी खोली अजून रिकामी असेल तर सांग. घेऊन येतो पप्पांना. हरलो मी.

भोपळ्या

२५ मार्च

माझ्या बाळा,

खोली नाही.

कधीचीच नाही. माझं घर मी सोडलं, त्याला वर्ष होत आलं. मी आता वृद्धाश्रमात असते. एका खोलीत दोघी, दोन खाटांच्या मध्ये एक कपाट. पत्रं अजून जुन्या पत्त्यावरून फिरून येतात, म्हणून तुला कळलं नाही. फाटकाबाहेर जायचं तर सही करून जावं लागतं आणि सोबत कोणीतरी लागतं. तू दादाला आणणार नाहीस याची खात्री होती, म्हणून तुला खोली देऊ केली. आता तू येतो म्हणालास आणि माझी तारांबळ उडाली. तुझं पांघरूण उचलायला निघाले, नि माझंच अंगावर ओढून बसले होते.

का लपवलं? सगळ्या नातेवाइकांत मी पाय रोवून उभी राहणारी बाई. कोणाला जुलाब झाले तरी मला विचारायचे. तिलाच आता धरून चालवतात हे कोणाला कळू नये, एवढंच.

इथली एक गोष्ट सांगते. हात वर जात नाहीत म्हणून मला अंघोळ घालतात. घालणारी मुलगी तिशीचीही नसेल. आयुष्यभर मी दुसऱ्यांना घातली, पण पहिल्या दिवशी स्टुलावर बसले आणि डोळे गच्च मिटून घेतले. जसं काही मी पाहिलं नाही म्हणजे तिलाही दिसणार नाही. ती आपली पाठ चोळत राहिली. पाठीवर एक जुनं आवाळू आहे, मला कधी दिसलंच नव्हतं. तिनं ते पाहिलं, भोवतीनं हळूच साबण लावला, आणि मला म्हणाली, "आजी, पाणी ऊन आहे ना?" मी तिथंच रडले. लाजेनं नाही रे. तिचं मला बघून झालं होतं, आणि तरी पाणी ऊन होतं.

देवाला ठाऊक असणं म्हणजे चेकर चढणं असं तुला वाटतंय. मलाही वाटायचं. तो गप्प आहे म्हणतोस. मला वाटतं, आपण डोळे उघडायची तो वाट बघत असेल. आणि नम्रता म्हणून जे काही असतं ना, ते मान खाली घालणं नव्हे. ते तर गर्विष्ठ माणसालाही छान जमतं, मला विचार. त्यानं पाहिलंय तेवढं आपणही पाहायचं, आणि विचारलं तर तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही.

मी येऊ शकत नाही. माझ्या भरवशावर राहू नकोस. तुझ्या भोवती आहेत त्यांना सांग. ते कसे वागतील ते मला माहीत नाही, खोटा धीर देत नाही.

कॅलेंडर टांगू नकोस.

तुझी आत्या

७ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून आधी संतापलो, मग हसत सुटलो. नसलेली खोली तू मला देत होतीस, आणि नसलेली बाई मी तुझ्या भावाजवळ बसवत होतो. आपल्या घराण्याचंच रक्त. सहीच्या वहीत माझं नाव चालत असेल तर तुला एकदा फाटकाबाहेर फिरवून आणायचंय. कसं ते अजून ठाऊक नाही.

आता शनिवारचं सांगतो.

कॅलेंडर टांगलं नाही. कडीही काढली नाही. धैर्य वगैरे समजू नकोस. आतल्या खोलीचं दार सताड उघडून भिंतीला टेकवून ठेवलं, म्हणजे कडी मागे लपली. तुझं अर्धंच ऐकलं.

बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं सगळे बसले. पाळकसाहेब, पंच, ऑर्गन वाजवणाऱ्या बाई. पप्पा इस्त्रीच्या शर्टात, खुर्चीत. गाणं झालं. मग पाळकसाहेबांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "आजची प्रार्थना घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावी." मी म्हटलं, त्यांना नाही जमणार. तोवर पप्पांनी हात जोडले होते.

आत्या, तुला शब्द न् शब्द लिहितो.

"हे बापा, आजच्या दिवसाबद्दल आभार. आजही गाडी सुटली नाही. दार बाहेरून बंद होतं. तो पोरगा लावतो. चांगला पोरगा आहे, घाबरट आहे. मी ठोकतो, त्याला ऐकू जात नाही, तो कामावर असतो. संध्याकाळी येतो. पहिलं दार उघडायच्या आधी जिन्यात उभा राहतो. बराच वेळ. त्याला आत यावंसं वाटत नाही. आतून मला सगळं ऐकू येतं, तो उसासे टाकतो. मीही भिंतीशी उभा राहतो, तो आहे तोवर. बापा, त्याला आत यायला धीर दे. आमेन."

जिन्यातलं मी तुलासुद्धा लिहिलं नव्हतं. कोणालाच नाही. कुलपात किल्ली घालायच्या आधी मी खरंच तिथं उभा राहतो, कधी कधी खाली उतरून परत एक चक्कर मारून येतो. आणि पप्पा असे न अडखळता बोलले की मला कळून चुकलं, ही प्रार्थना आजची नाही. जेवायच्या आधी रोज ते काहीतरी पुटपुटतात. मी तोवर वाढून घेत असतो, कधी कान दिलाच नाही. इतके दिवस देवापाशी माझी सगळी हकिगत रोजच्या रोज पोचत होती, तीही माझ्याच स्वयंपाकघरातून, माझ्यासाठी रदबदली करून.

"आमेन" कोणी म्हटलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते. मग एक पंच खाकरले आणि मला म्हणाले, "या आजारात भास होतात हो. आमच्या सासऱ्यांनाही व्हायचे." लगेच चार माना हलल्या. "भासच ते." कसं सांगू तुला, सगळ्यांनी मिळून मला बाहेर पडायला दार उघडून दिलं होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी सुटलो असतो, आणि वर सोशिक ठरलो असतो.

माझी जीभ त्या "हो"साठी वळलीही होती. पण पप्पा माझ्याकडे बघत होते. ओळखून नाही, आपल्या गाडीतला एक प्रवासी आहे तसं. मी उठलो, दार भिंतीपासून ओढलं आणि म्हटलं, "भास नाही. ही कडी. मीच बसवली. रोज घालतो."

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "एवढ्या नम्रतेनं कबूल करणं..." मी त्यांना मध्येच तोडलं, जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, "नम्रता नाही हो साहेब, ही नुसती माहिती आहे. माझ्या एकट्याच्यानं होत नाही. मी चिडतो त्यांच्यावर. सकाळी कोणी येऊन बसेल का, एवढं विचारतोय."

घड्याळं बघून झाली, रुमाल घडी करून झाले. शेवटी ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या, ज्यांना सगळे कटकटी म्हणून टाळतात त्याच, "मंगळवार-शुक्रवार मी येईन. पण मागच्या सीटवर बसणार नाही, मला गाडी लागते." पप्पा म्हणाले, "पुढं बसा."

बाकीच्यांनी "बघू, विचार करू" म्हटलं. साक्षीबद्दल पाळकसाहेब म्हणाले, "रविवारचं नंतर ठरवू," आणि ते नंतर आलंच नाही. पंचकमिटीत दुसऱ्याचं नाव लागलं. त्या काकूंनी चर्चबाहेर मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. लागलं मनाला, नाही असं नाही. आणि उरलेल्या दिवशी कडी अजून घालावीच लागते, आत्या. आजही घातली. सगळं सुटलं असं तुला लिहिलं तर पुन्हा ते पहिलंच पत्र होईल. पण घालताना हाताला घाम आला नाही. आत जाऊन त्यांना सांगितलं, "पप्पा, मी दार लावतोय, संध्याकाळी उघडतो." आधी कधी सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी सगळे गेल्यावर मी कप विसळत होतो. पप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, म्हणाले, "तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "तुमचा मुलगा."

त्यांनी मान हलवली. "नाही. तो बाहेर जिन्यात उभा असतो. एवढ्यातच येईल. जरा त्याला बोलवा ना आत, त्याला संकोच वाटतो."

समजावून काही उपयोग नव्हता. हात पुसले आणि मी बाहेर गेलो. दार लोटून घेतलं. रोजच्या जागी, त्याच पायरीवर उभा राहिलो. पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. आतून पावलं सरकत आली, आणि भिंतीपलीकडे थांबली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"ये रे," पप्पा म्हणाले. "उघडंच आहे."

मी आत गेलो.

तुझा,
भोपळ्या